प्रेसिडेंटचं इंजिन घरीच बसवायचंय: गिअरबॉक्स जोडून की सुटा?

साताऱ्याचा_प्रेसिडेंट (धागाकर्ता)

मंडळी, आधी प्रश्न, गोष्ट मागून.

१०८९ सीसीचं फियाट इंजिन आणि चार गिअरचा हँडगिअरवाला (गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली) गिअरबॉक्स घरच्या पोर्चमध्ये गाडीत बसवायचाय. दोन्ही बाहेर जोडून एकत्र वरून सोडावं, की आधी इंजिन वरून आणि मग गिअरबॉक्स खालून?

आता गोष्ट. गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. (नाव नवं वाटेल त्यांच्यासाठी: फियाट ११०० डिलाइटची १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. बिल्ला बदलला, गाडी तीच.) वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. आमच्या घरातली पहिली चारचाकी, आणि माझं ड्रायव्हिंग याच गाडीवर झालं. पुढे धूर इतका वाढला की मागचे लोक दिवे लावून चालवायचे. इंजिन खोलायला दिलं. बोअरिंग, वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणलं. ते काम झकास झालंय. पण इंजिन उतरवलं तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि ज्या गॅरेजात उतरवलं ते मधल्या काळात बंद झालं. गाडी टेम्पोतून घरी आली, गिअरबॉक्स गोणपाटात आणि सगळे नटबोल्ट श्रीखंडाच्या एका डब्यात. कुठला कुठे, एक खूण नाही.

सामान: पाने, दोन जॅक, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), एक टनी चेनकप्पी (शेजारच्या काकांची, बोअरची मोटर काढायची). माणसं: मी, अकरावीतला मुलगा, हौशी मेहुणा. पोर्चच्या स्लॅबला झोपाळ्याच्या दणकट कड्या आहेत. कप्पी तिथेच अडकवावी म्हणतो.

चहाबिस्कीट

मेहुण्याला आधी विचारा, 'हौशी' हे पद त्याने स्वतः घेतलंय की बहाल झालंय.

आणि फोटो टाका. श्रीखंडाच्या डब्याचाही.

स्लॅबमास्तर

थांबा! कड्यांना हात लावू नका.

पोर्चचा स्लॅब बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर काढलेला असतो, समोर खांब नसतात. अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि खालून टांगलेला बोजा जितका टोकाला, तितका मुळाशी ताण जास्त. त्यात झोपाळ्याचं वजन चार कड्यांवर वाटलं जातं. तुम्ही एका कडीवर सगळं टांगणार, आणि वर साखळीचे हिसके. कडी नुसती काँक्रीटमध्ये रोवलीय की सळईला अडकवलीय, हे तुम्हाला माहीत आहे का? बांधणाऱ्याला तरी आठवतंय का?

अवांतरसम्राट

आमच्या वाड्यात झोपाळ्यावर एका वेळी सहा माणसं बसायची. काही झालं नाही.

स्लॅबमास्तर

वाड्यात तुळई होती, सागवानी. आणि सहा माणसं पडली तर उठून कपडे झटकतात. इंजिन पडलं तर ते उठत नाही, त्याच्याखालचाही उठत नाही.

रिंगपाना

स्लॅबमास्तरांशी शंभर टक्के सहमत. प्रेसिडेंटराव, कप्पी ज्या काकांची आहे त्यांच्याकडेच लोखंडी पाइपांची तिकाटी असणार. मोटर काढताना कप्पी हवेत थोडीच लटकते! ती पण आणा. तिन्ही पायांना खालून साखळीने वेढा घाला, नाहीतर वजन आलं की पाय फरशीवर फाकतात. गुळगुळीत फरशी असेल तर पायांखाली पोतं.

आता मूळ प्रश्न. चाळीस वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. गॅरेजात पिट असेल तर सुटं बरं. गिअरबॉक्स खालून आणायचा, ट्रॉली जॅकवर ठेवून लावायचा. पण घरी पिट नसतो. घोड्यांवर गाडी, खाली तुम्ही उताणे, छातीवर गिअरबॉक्स, आणि प्रायमरी शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा) क्लच प्लेटच्या भोकात जात नाही. हात थरथरायला लागतात. अशात लोक शाफ्ट अर्धवट आत घालून गिअरबॉक्स तसाच लटकत सोडतात आणि 'जरा दम घेतो' म्हणतात. तिथे क्लच प्लेटचा हब वाकतो. गाडी सुरू झाल्यावर क्लच सुटत नाही, आणि सगळं परत खाली.

म्हणून घरी करणाऱ्याला मी सांगतो, जमिनीवर जोडा, दिसतंय तिथे जोडा, मग एकत्र सोडा. फक्त उंची लागते आणि तिरपं करावं लागतं. बॉनेट, रेडिएटर, कार्बोरेटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), सेल्फ, डायनामो सगळं उतरवून ठेवा. जितकं नागडं इंजिन तितकं सोपं.

वाळवणवाली

बायकांच्या वतीने एक प्रश्न. रॉकेलचा वास पोर्चमधून किती दिवसांनी जातो? आमच्याकडे स्कूटरचं इंजिन खोललं होतं, त्या वर्षीच्या कुरडया कुणी खाल्ल्या नाहीत.

चहाबिस्कीट

रॉकेल मिळतं कुठे आता? आमच्याकडे डिझेलने धुतात. कुरडया मात्र तशाच लागतात.

मारुतीराया

कटू बोलतो, माफ करा. एवढा खटाटोप करायचाच, तर त्या लोखंडी ठोकळ्यात का? ओम्नीचं इंजिन, मायलेज दीडपट, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात. नाहीतर ११८ एनईचं इंजिन शोधा. ते निसानचं ११७१ सीसी, प्रीमियरच्याच घरातलं. कितीतरी पद्मिन्या त्यावर पळतात.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

@मारुतीराया, पळतात, मान्य. पण बोअरिंगचे पैसे देऊन झालेत आणि वडील अजून रोज विचारतात, 'आपलं इंजिन आलं का?' 'आपलं' या शब्दात ओम्नी बसत नाही.

आरटीओ_पीडित

मारुतीरायांच्या सल्ल्याची दुसरी बाजू. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली रीतसर परवानगी आणि नोंद लागते. नाही केली तर विकताना, विम्याच्या वेळी, फिटनेसला, कुठेतरी ते भूत उभं राहतंच. माझं राहिलं. सविस्तर सांगत नाही, रक्तदाब वाढतो.

शिवाय तुमची गाडी १९७३ ची. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेला नसावा. ओम्नीचं इंजिन घातलंत की तो दरवाजा बंद.

पण घाई करू नका. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मंडईत न्यायची असेल तर जुनीच नोंदणी चालू ठेवलेली बरी.

गिरगावकर_जुना

धागा वाचून गलबललो. आमच्या वडिलांची टॅक्सी होती, पद्मिनी. आमच्या गल्लीत रात्री इंजिन उतरवून सकाळच्या पाळीला गाडी बाहेर काढणारे मिस्त्री होते. स्लॅब नाही, तिकाटी नाही. दोन बांबू, जाड दोरखंड, चार माणसं आणि अखंड शिव्या. 'एकत्र की सुटं' असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. गिअरबॉक्स आधी खालून काढायचे, मग इंजिन वरून. बसवताना उलट. क्लच प्लेट बसवायला एक तुटका प्रायमरी शाफ्ट मिस्त्रीच्या पेटीत कायम असायचा, काठीसारखा. आम्हा पोरांना तो जादूगाराची छडी वाटायचा.

ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती पण गेली. त्या दिवशी वडिलांनी टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले.

अवांतरसम्राट

अवांतर: ही गाडी बनवणारी कंपनी आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची, स्थापना १९४४, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला डॉज, प्लिमथ जोडायचे, फियाट नंतर आली. आगबोटी, विमानं, मोटारी, तिन्ही धंद्यांत हात घातलेला माणूस. फियाट ११०० च्या आधीच्या फुगीर मॉडेलला आपण 'डुक्कर फियाट' म्हणायचो. असं प्रेमळ नाव इटलीतल्या लोकांना सुचलं नसतं.

चहाबिस्कीट

डुक्कर ते पद्मिनी! नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी या गाडीची आरसी बुकं वाचावीत.

थेम्सकाठची

इंग्लंडहून. आमच्याकडे १९७१ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे आणि तिचं इंजिन मी दोनदा उतरवून बसवलंय. नवरा चहा करतो आणि व्हिडिओ काढतो, तोही लागतो. त्या गाडीचं इंजिन म्हणजे तुमच्या अँबॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचा थोरला भाऊ, १७९८ सीसी, बीएमसीचंच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन). एमजीबीत इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच घालतात बहुतेक, त्यामुळे तुमच्या कामाचं थोडं सांगते.

इंजिन हलवायचं नाही, गाडी हलवायची. इंजिन सरळ वर उचला, गाडी हाताने ढकलत त्याच्याखाली आणा, चाकांना पुढून-मागून विटा लावा. मग गिअरबॉक्सची शेपूट खाली येईल असं तिरपं करून सोडत जायचं. शेपूट बोगद्याच्या (गाडीखाली गिअरबॉक्स बसतो त्या पोकळीच्या) तोंडाशी आली की गाडीची मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर घ्या. गाडीचं नाक खाली गेलं की शेपटीला खाली जागा मिळते आणि इंजिन तेवढं कमी तिरपं करावं लागतं. घोड्या आधीच लावून ठेवू नका, मग गाडी ढकलता येत नाही. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. एक तास वाद घातला, मग घोड्या काढल्या.

गिअर ऑइल सगळं आत बसल्यावरच भरा. आधी भरलंत तर तिरपं होताच मिळेल त्या वाटेने बाहेर येतं. खालचा जुना गालिचा आणि नवऱ्याचे बूट, दोन्ही गेले.

आणि गाडीचे मडगार्ड, जे काही समोर आहे त्यावर जुनी गोधडी टाका. इंजिन झुलतं.

रिंगपाना

ताई, नंबर एक! 'इंजिन नाही, गाडी हलवायची' हे एक वाक्य कळायला आमच्या हाताखालच्या पोरांना सहा महिने लागायचे.

कोल्हापुरी_स्टड

लई भारी धागा भावांनो. माझी एक युक्ती. बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला लागणारं घंटेसारखं तोंड) बोल्टाच्या मापाचे दोन लांब बोल्ट घ्यायचे, डोकी कापायची, टोकाला आरीने खाच मारायची. ते दोन इंजिनाला समोरासमोरच्या भोकांत हाताने बसवायचे. झाल्या की गाइड पिना. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ रेषेत सरकत येतो, इकडं-तिकडं वळवळत नाही. बाकीचे बोल्ट लागले की पेचकसाने पिना काढायच्या. खर्च दहा-वीस रुपये, वाचणारी कंबर अमूल्य.

अनुभवी_अडाणी

वाचतोय. पुढचा भाग येऊ द्या.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

रविवारचा वृत्तांत.

काकांची तिकाटी मिळाली. सकाळी जोडकाम सुरू केलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट लावली, गाइड पिना बनवल्या (कोल्हापुरी_स्टड, जिंदाबाद). गिअरबॉक्स सरकत सरकत आला आणि अंगठ्याएवढी फट ठेवून थांबला. हलवला, डुलवला, मेहुण्याने मागून ढकलला, मुलाने व्हिडिओ पाहिले. फट तेवढीच. मेहुणा म्हणतोय बोल्ट लावून आवळत आणू, चारी बाजूंनी थोडं थोडं. मी तूर्तास त्याला चहाला पाठवलंय.

रिंगपाना

बोल्टने ओढू नका!! मेहुण्याच्या हातातून पाना काढून घ्या!

बेलहाउसिंग बिडाचं नाही, हलक्या धातूचं असतं. ओढून घेतलंत की कान तुटतो, 'टक' असा बारीक आवाज येतो आणि तो आवाज आयुष्यभर लक्षात राहतो. व्यवस्थित जुळलेला गिअरबॉक्स शेवटी हाताच्या दाबाने बसतो. बसत नसेल तर आत काहीतरी अडलंय.

तीनच कारणं असतात. दाते जुळत नाहीत: मग गिअर टाका आणि मागचा फ्लँज हाताने जरा जरा फिरवत ढकला. नाहीतर प्लेट मध्यावर नाही, म्हणजे शाफ्टचं टोक दात्यातून जातं पण फ्लायव्हीलमधल्या पायलट बुशाला धडकतं. नाहीतर प्लेट उलटी लागलीय. हबची उंच बाजू कुठे आहे?

प्लेट मध्यावर कशी आणली होती?

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

डोळ्याने.

रिंगपाना

…

चहाबिस्कीट

या तीन टिंबांत चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

गिरगावकर_जुना

म्हणूनच जादूगाराची छडी लागते हो.

रिंगपाना

तुटका शाफ्ट नसेल तर लाकडाची खुंटी तासून घ्या. पुढचं टोक पायलट बुशात घट्ट बसेल एवढं, मागचा भाग प्लेटच्या भोकात बसेल एवढा, कमी पडेल तिथे चिकटपट्टी गुंडाळा. प्रेशर प्लेटचे बोल्ट सैल करा, खुंटी घाला, मग बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. खुंटी अलगद बाहेर आली पाहिजे आणि अलगद आत गेली पाहिजे. तीच परीक्षा. आणि बुशाला तेलाचं बोट लावा.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

काका, दंडवत घ्या! क्रिकेटच्या स्टंपाचं टोक तासलं. प्लेट दोन-तीन मिलिमीटर खाली बसली होती, डोळ्याला शष्प कळलं नव्हतं. यावेळी गिअरबॉक्स एकदा डुलवला आणि 'टप' करून बसला. मेहुण्याने पाना उचललाही नव्हता.

वाळवणवाली

स्टंप कुणाचा?

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

मुलाचा. त्यावर घरात स्वतंत्र धागा चालू आहे.

मारुतीराया

ओम्नी म्हटलो तेव्हा कुणी ऐकलं नाही. पण वाचायला मजा येतेय, हे कबूल.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

भाग तिसरा, आणि पंचाईत.

जोडलेलं धूड उचललं. गाडी ढकलत आणली. तिरपं केलं. पण कप्पी पूर्ण वर गेली तरी इंजिनाचं चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) गाडीच्या पुढच्या पत्र्यावर टेकतंय. चार बोटं कमी पडतात. तिकाटी याहून उंच होत नाही, पाय जवळ आणले तर गाडी मध्ये मावत नाही. इंजिन परत गाद्यांवर ठेवलंय. (जुन्या टायरच्या गाद्या. खऱ्या गाद्यांचा प्रस्ताव फेटाळला गेला.) आता सुटं करून घालू?

स्लॅबमास्तर

तिकाटीच्या पायांखाली विटा रचायच्या विचारात असाल तर रचू नका. एक पाय जरी घसरला तरी संपलं.

थेम्सकाठची

पुढच्या दोन्ही टायरची हवा सोडा. नाक बरंच खाली जातं. एमजीबीला आम्ही असंच केलं होतं.

अवांतरसम्राट

फरशी उकरून पुढच्या चाकांना खड्डे करा. आमच्याकडे विहिरीच्या कामाला…

कोल्हापुरी_स्टड

चार पैलवान बोलवा. तालीम जवळच आसंल की.

रिंगपाना

एक विचारू? कप्पीचा हूक आणि इंजिनाचं डोकं यांच्यामध्ये बांधलेली साखळी किती लांब आहे?

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

असेल दीड फूट.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

अरे देवा.

चहाबिस्कीट

हाहाहा! खड्डे, पैलवान, विटा… आणि उत्तर साखळीत!

रिंगपाना

हसू नका, सगळ्यांचं होतं. साखळी आखूड करा, पण हेडच्या दोन टोकांना जिथे बांधलीय तिथले बोल्ट पूर्ण आटे बसलेले असू देत, आखूड साखळीत बोल्टावर आडवा ताण वाढतो. तिरपेपणा बदलायला मागच्या बाजूला एक सुती पट्टा वेगळा ठेवा, तो एकाने धरायचा. आणि इंजिन लटकत असताना खाली हात, पाय, डोकं काही नाही. मुलाला बजावून सांगा.

इंजिन फाउंडेशनचे (इंजिन टेकतं त्या रबरी बैठकांचे) आणि गिअरबॉक्सच्या मागच्या पट्टीचे बोल्ट सगळे लागेपर्यंत एकही आवळायचा नाही. एक आवळला की उरलेले भोकांना सापडत नाहीत.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

बसलं!!!

साखळी अर्ध्या फुटावर आणली, पत्र्यावरून वीतभर अंतराने गेलं. शेपूट बोगद्यात शिरताना ताईंच्या सांगण्याप्रमाणे मागची बाजू उचलली. मुलगा हेडलाइटजवळ उभा राहून 'पप्पा डावीकडे, तुमच्या डावीकडे नाही, गाडीच्या डावीकडे' असं ओरडत होता. डाव्या फाउंडेशनचा बोल्ट पहिल्या झटक्यात, उजव्याला पाऊण तास. वडील खुर्ची टाकून बसले होते. सगळं झाल्यावर उठले, फॅनच्या पात्याला हात लावला आणि आत गेले. काही बोलले नाहीत.

प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर, रेडिएटर, पाइप सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी तासभर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. श्रीखंडाच्या डब्याने मात्र रडवलं. शेवटी प्रत्येक बोल्ट हाताने भोकात फिरवून पाहिला. जो चार आटे हाताने जातो तो त्याचा, नाही तो नाही.

हँडगिअरच्या दांड्यांबद्दल कुणी सांगेल का? स्टिअरिंगखालून येणाऱ्या दोन दांड्या गिअरबॉक्सच्या दोन लिव्हरना लागतात, पण लांबी किती ठेवायची?

गिरगावकर_जुना

गिअरबॉक्स न्यूट्रलला आणा, वरचा दांडा न्यूट्रलला हाताने धरा, आणि त्या स्थितीत खालची टोकं जिथे सहज लागतील तीच लांबी. ताणून लावली की गिअर अर्धवट पडतो. बुश घासलेले असतील तर आत्ताच बदला. वडील म्हणायचे, हँडगिअर सैल झाला की गाडी चालवावी लागत नाही, समजवावी लागते.

तारांकित

बॅटरी जोडायच्या आधी माझी चूक वाचा. माझ्या पद्मिनीला इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची जाड पट्टी लावायची विसरलो होतो. सगळं जोडलं, सेल्फ मारला, नुसतं 'टक'. परत मारला. डॅशबोर्डखालून धूर. चोकची केबल लालबुंद झाली होती! इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे अर्थला वाट नव्हती. सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत जात होता.  

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

@तारांकित, पट्टी डब्यात होती. मी तिला 'सायलेन्सरचं काहीतरी' समजून बाजूला ठेवलं होतं. वाचवलंत.

रिंगपाना

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून ठेवा. ऑइल भरून सेल्फ मारा, दम घेत घेत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. डेल्को बसवताना एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. हवेने अंगठा उडाला की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

शनिवार, रात्री साडेनऊ. दिवा विझला. प्लग लावले. सेल्फ मारला. फाट्! कार्बोरेटरमधून एवढी जाळाची जीभ आली की मेहुण्याची एक भुवई अर्धी झाली. पुन्हा मारला, सायलेन्सरमधून बार. गल्लीतली कुत्री जागी.

अंगठा ठेवला होता, शपथ!

रिंगपाना

कुठल्या सिलिंडरला ठेवला? एक नंबर रेडिएटरकडचा.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

ड्रायव्हरकडून मोजला.

थेम्सकाठची

चारला कॉम्प्रेशन असताना डेल्को एकचा धरून लावला, म्हणजे बरोब्बर अर्धा फेरा चूक. डेल्को काढू नका. कॅपमधल्या वायरी समोरासमोर बदला, एकची चारला, तीनची दोनला.

चहाबिस्कीट

मेहुण्याची भुवई पण समोरासमोर बदलता येईल का?

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

चालू झाली.

वायरी बदलल्या आणि तिसऱ्या सेल्फला. आधी तीन सिलिंडरवर, मग चौथा शुद्धीवर आला. वडील आतून बाहेर आले, 'टॅपेट वाजतायत' म्हणाले. त्या रात्री एवढंच बोलले.

अनुभवी_अडाणी

अभिनंदन! आता मूळ प्रश्नाचं उत्तर द्या. जोडून की सुटा? माझी अँबॅसिडर अंगणात वाट बघतेय.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

माझ्यापुरतं, जोडून. पहिल्या रविवारची ती फट मी जमिनीवर मांडी घालून बघत होतो म्हणून निभावलं. तीच फट गाडीखाली उताणं पडून आली असती तर मेहुण्याचं ऐकलं असतं आणि बेलहाउसिंगचा कान गेला असता. पण पुढच्या वेळी फक्त क्लच प्लेट बदलायची असेल तर गिअरबॉक्स खालून काढेन, इंजिनाला हात लावणार नाही. तुमच्याकडे पिट असेल तर गिरगावकरांच्या मिस्त्रींचं ऐका.

आणि इंजिन काढताना स्वतः हजर राहा. प्रत्येक बोल्ट काढला की त्याच्याच भोकात दोन आटे परत लावून ठेवा. श्रीखंडाचा डबा हवा असल्यास पाठवतो.

रिंगपाना

पहिले पाचशे किलोमीटर दाबू नका. हेडचे नट गार इंजिनावर परत एकदा आवळा, मग टॅपेट. वडिलांचे कान शाबूत आहेत.

साताऱ्याचा_प्रेसिडेंट

हो काका. तिकाटी-कप्पीवाले शेजारी सकाळीच येऊन गेले. त्यांची बोअरची मोटर काल बंद पडली आणि सामान सगळं माझ्या पोर्चमध्ये. उद्या त्यांच्या मळ्यात मोटर वर काढायला मी आणि मेहुणा जाणार. कप्पी डिकीत, पाइप टपावर बांधून, प्रेसिडेंटमधूनच.

चहाबिस्कीट

परत ढकलत आणायला मळ्यात माणसं आहेत ना?